कोल्हापुरात राहून रेल्वे डब्याचं मॉडेल घरी स्वतः बनवायचं आहे. कोणतं माप धरावं, चाकं कुठून आणावीत?

एचओ हे मॉडेलचं माप, म्हणजे १:८७ (खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग) धरा, त्याचे रूळ तयार मिळतात. २१.३ मीटरचा आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीचा) डबा त्यात साडेचोवीस सेंटिमीटर होतो. मेख एकच: या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजला हिशेबाने १९.३ हवं. चाकं जरा आत दिसतात, चालवून घ्या.

भिंतींना मिलिमीटरभर जाडीची प्लास्टिक शीट. खिडक्या जोडणीआधीच कापा, नंतर कटर नीट फिरत नाही. गजांना तांब्याची बारीक तार.

चाकं उद्यमनगरात एखाद्या लेथवाल्याकडून पितळेची कातून घ्या. एवढंसं काम बघून हसतील, हसू देत. गाडी विजेच्या रुळांवर पळवणार असाल तर प्रत्येक जोडीतलं एक चाक प्लास्टिकच्या बुशवर (आस आणि चाकामधल्या नळीवर) बसवायला सांगा, नाहीतर आस दोन्ही रूळ जोडेल आणि शॉर्ट होईल.