सरोद आपला की अफगाणांचा?

प्रश्न : ग्वाल्हेरच्या जिवाजी गंजातील सरोद घर हे संग्रहालय पाहताना माझ्या मुलीने विचारले की, सरोद मुळात आपला की अफगाणांचा? तानसेनांच्या वंशातही रबाब वाजत असे, असे आमच्याकडे सांगतात. मग सरोद त्याच रबाबापासून झाला का?
– एक वाचिका, लश्कर, ग्वाल्हेर

उत्तर : रबाब या एकाच नावाची दोन वाद्ये आपल्या इतिहासात आहेत आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. तानसेनांच्या वंशजांचा ध्रुपदी रबाब आकाराने मोठा आणि बिनपडद्यांचा, म्हणजे स्वरांच्या जागा दाखवणारे आडवे बांध नसलेला होता. तो आता जवळजवळ ऐकूच येत नाही. काबूलकडचा रबाब निराळा. तुतीच्या एका ओंडक्यातून कोरलेला, पोटावर कातडे ताणलेला, तीन मुख्य तारांचा आणि खाली तरफांची, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारांची, रांग असलेला हा रबाब पठाण कुटुंबांबरोबर उत्तर हिंदुस्थानात आला, आणि सरोदाची जुनी घराणी अशाच कुटुंबांतून उभी राहिली.

या रबाबाच्या मुख्य तारा पूर्वी आतड्याच्या असत, पट्टी लाकडी आणि तिच्यावर थोडे पडदे. त्यामुळे त्याचा स्वर टणक, लयीला धारदार, पण लवकर विरणारा असतो. आलापीला लागणारी लांब मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, त्यातून निघणे अवघड होते. या रबाबातून सरोद घडताना एकोणिसाव्या शतकात पडदे गेले, लाकडी पट्टीवर गुळगुळीत धातूचा पत्रा आला आणि आतड्याच्या जागी धातूच्या तारा आल्या. सुरसिंगार या वाद्यात असा पत्रा होताच. सरोदात तो प्रथम कोणी बसवला, याचे श्रेय गुलाम अली खाँ बंगश आणि नियामतुल्ला खाँ या दोन सरोदवादकांच्या परंपरा आपापल्या पूर्वजाला देतात. तार नखाने दाबून पत्र्यावरून बोट सरकवले की स्वर तुटत नाही. करवंटीच्या जव्याचा, म्हणजे तार छेडण्याच्या तुकड्याचा, आघात मात्र रबाबासारखाच खणखणीत राहतो. माझ्या मते सरोदाचे सारे सौंदर्य या दोन गुणांच्या एकत्र येण्यात आहे.

गुलाम अली खाँ यांचे नातू हाफिज अली खाँ (१८८८–१९७२) ग्वाल्हेर दरबारात होते. त्यांनी रामपूरच्या वझीर खाँ यांच्याकडे तालीम घेतली, आणि वझीर खाँ तानसेनांच्या परंपरेतले बीनकार, म्हणजे रुद्रवीणावादक होते. तेव्हा तानसेनांशी नाते शोधायचे असेल तर ते तालमीत आहे, वाद्याच्या घडणीत नाही. घडण अफगाण आणि गायकी आपली, असे मुलीला निःशंकपणे सांगावे.

तिला याच गोष्टीची दुसरी बाजूही अवश्य सांगावी. १८६०च्या दशकात अमीर शेर अली खाँ यांनी हिंदुस्थानातून गवई-बजवय्ये काबूलला बोलावले. ते खराबात नावाच्या वस्तीत राहिले आणि त्यांच्यामुळे आपले राग आणि तबला तिकडे रुजले. म्हणून अफगाण रबाबावर आजही भैरवी, पिलू ऐकू येतात. उस्ताद मोहम्मद उमर (१९०५–१९८०) यांचे १९७४ साली अमेरिकेत झालेले रबाबवादन झाकीर हुसेन यांच्या तबल्यासह ध्वनिमुद्रित झाले आहे. ते मुलीला ऐकवावे आणि लगेच सरोदावरचा आलाप लावावा. पत्र्याने काय साधले, हे तिला कानांनीच कळेल.

प्रश्न : अफगाणिस्तानात आज रबाब वाजतो का?
– एक वाचक, मुरार

उत्तर : उघडपणे वाजवणे कठीण आहे. तालिबानने १९९६ ते २००१ या काळात संगीतावर बंदी घातली होती आणि २०२१ नंतर पुन्हा तीच वेळ आली. वाद्ये जाहीरपणे जाळली गेली. काबूलच्या राष्ट्रीय संगीत संस्थेचे विद्यार्थी आणि शिक्षक पोर्तुगालला गेले. डिसेंबर २०२४ मध्ये रबाब घडवण्याची व वाजवण्याची कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. अफगाणिस्तान, इराण, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तान या चार देशांच्या नावे ती नोंद आहे.