वाचकांचे प्रश्न : जुन्या नेव्हिगेशन यंत्राचे फर्मवेअर

प्रश्न : माझ्या जीपमधील लिनक्सवर चालणारे जुने नेव्हिगेशन यंत्र जागा बरोबर दाखवते, पण तारीख जवळपास वीस वर्षे मागची दाखवते आणि धाराशिवला अजून उस्मानाबादच म्हणते. एका परिचितांनी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलच्या फर्मवेअरची, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या आतल्या प्रणालीची, फाइल दिली आहे. ती टाकावी काय?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ती फाइल टाकू नये. कंपनी एक असली तरी दोन मॉडेलांचा पडदा, मेमरी चिप आणि मेमरीतील विभागांची मांडणी वेगळी असू शकते, आणि मग यंत्र सुरूच होत नाही. गावाचे नाव हा तर नकाशाच्या माहितीचा प्रश्न आहे. त्यासाठी फर्मवेअरला हात लावण्याचे कारण नाही. तारखेचे दुखणे मात्र फर्मवेअरचेच दिसते. जीपीएस उपग्रहांच्या जुन्या पद्धतीच्या संदेशात आठवड्यांची मोजणी १०२४ झाली की पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री ती तशी आली, आणि ज्या यंत्रांना हे ठाऊक नव्हते ती साडेएकोणीस वर्षे मागे गेली.

आपल्याच मॉडेलची फाइल मिळाली, तर तिचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आली की नाही हे पडताळण्याचा आकडा) कंपनीने दिलेल्याशी जुळवून पाहावा. यंत्र मेमरी कार्डवरून सुरू होत असेल, तर मूळ कार्ड जपून ठेवून नवी प्रणाली दुसऱ्या कार्डावर घालावी. याहून निर्धोक मार्ग नाही. प्रणाली आतल्या नँड मेमरीत, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या साठवणीच्या चिपमध्ये, असेल, तर आधी प्रत्येक विभागाची प्रत संगणकावर घ्यावी, मात्र ती चिपमधील खराब ब्लॉक (निकामी झालेले कप्पे) ओळखणाऱ्या नँडडंपसारख्या साधनाने. बूटलोडरचा, म्हणजे यंत्र सुरू होताच प्रथम चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, विभाग शक्यतो बदलूच नये, कारण कर्नेल (लिनक्सचा गाभा) बिघडले तरी बूटलोडर शाबूत असेल तर सिरियल जोडणीवरून (यंत्र व संगणक यांना जोडणाऱ्या साध्या तारांवरून) यंत्र बहुधा परत उभे करता येते. ही जोडणी पुष्कळदा ३.३ व्होल्टची असते. व्होल्टेज आधी मोजावे आणि केवळ ग्राउंड, पाठवणारी व घेणारी अशा तीनच तारा जोडाव्यात.

हे काम जीपमध्ये करू नये. इंजिन सुरू होताना व्होल्टेज घसरते. घरी करताना भारनियमनाची वेळ टाळावी आणि इन्व्हर्टर असला तरी यंत्राची स्वतःची बॅटरी पूर्ण भरलेली असावी.

नव्या फर्मवेअरनंतर जागा लगेच दिसली नाही, तर घाबरून पुन्हा फाइल टाकू नये. उपग्रहांचे संपूर्ण वेळापत्रक उतरण्यासच साडेबारा मिनिटे लागतात, म्हणून यंत्र उघड्या आकाशाखाली अर्धा तास ठेवून पाहावे.