पद्मिनीचं रंगकाम थांबवा, आधी चासी नंबरची प्रिंट घ्या

साताऱ्याला शेडमध्ये कित्येक वर्षं उभी असलेली तुमच्या दिवंगत वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी कार, आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर, आणि तुमचा प्रश्न की आधी इंजिन करू की रंग. वाचून राहवलं नाही. माझ्याकडेही वडिलांचीच पद्मिनी आहे आणि मी नेमकी याच जागी उभी होते.

इंजिनही नको आणि रंगही नको. गाडी गॅरेजला द्यायच्या आधी बॉनेट उघडा, पत्र्यावर ठोकलेला चासी नंबर शोधा आणि त्याची प्रिंट, म्हणजे पेन्सिलने उमटवलेला ठसा, घ्या (पद्धत शेवटी सांगते). इंजिन नंबरचीही घ्या. मग आरसी बुक, जुन्या विम्याचे कागद आणि परिवहनच्या सरकारी पोर्टलवर दिसणारी नोंद, सगळं शेजारी ठेवून एकेक आकडा ताडून बघा.

एवढं का सांगतेय? पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसते, बॉडी हीच चासी. त्यामुळे नंबर पत्र्यावरच असतो, आणि पत्र्यावर डेंटर-पेंटरचा हात फिरणारच. माझ्या गाडीच्या जॉबकार्डावर मी लिहून दिलं होतं की या जागेला हात लावू नका. तरी त्या गॅरेजमध्ये बॉनेटखाली सगळीकडे पॉलिशपेपर मारला, लांबी (पुट्टी) भरली, वर प्रायमर आणि रंग. काम दिसायला सुरेख झालं, पण नंबर दिसेनासा झाला.

त्यानंतर आरटीओ कार्यालय. कुठलं ते सांगणार नाही. गाडी माझ्या नावावर करायला गेले तेव्हा कळलं की जुन्या वहीतली नोंद संगणकावर चढवताना चासी नंबरचा एक आकडा चुकला होता. बुकात ८, स्क्रीनवर ३. चूक सरळसरळ त्यांची. पण दुरुस्ती करायची तर गाडीवरचा नंबर दाखवा म्हणाले, आणि तो लांबीखाली गेलेला. बुक पुढे केलं तर, “सिस्टिममध्ये आहे तेच खरं.” पहिली नोंदणी जिथे झाली तिथे जा म्हणाले. तिथले म्हणाले, रेकॉर्ड कधीच वर्ग केलंय. नाव बदलत नाही म्हणून नोंदणीचं नूतनीकरण अडलं, नूतनीकरण नाही म्हणून पुढचं सगळं अडलं, आणि चालू स्थितीतली गाडी घरात बांधून ठेवल्यासारखी उभी राहिली. एका साहेबांनी स्क्रॅपला द्या असं सुचवलं, तेही फाइल न उघडता. माझ्या वडिलांनी जिवापाड सांभाळलेल्या गाडीबद्दल हे ऐकावं लागलं, याचा राग मला आजही आहे.

यातून वाट निघाली ती अशी. पेंट रिमूव्हर लावून तेवढ्याच जागेचा रंग आणि लांबी हाताने, प्लास्टिकच्या पट्टीने काढली. ग्राइंडर अजिबात लावू दिला नाही. आकडे उथळ झाले होते पण वाचता येत होते. दुसरीकडे मूळ नोंदीच्या पानाची प्रत मागितली. तोंडी विचारत होते तोवर ते पान “सापडत नव्हतं”. माहिती अधिकारात लेखी अर्ज दिला, ३० दिवसांची मुदत लागू झाली आणि पान सापडलं. त्यावर ८च होता. म्हणून सांगते, प्रत्येक अर्ज लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. नंबर खरोखर गंजून गेला असेल तर आरटीओच्या लेखी परवानगीशिवाय तो कुणाकडूनही परत ठोकून घेऊ नका. “मी करून देतो” म्हणणारे एजंट भेटतील. तसा ठोकलेला नंबर तुम्हालाच चोरीच्या गाडीच्या संशयात अडकवेल.

मी वकील नाही आणि शुल्कं वरचेवर बदलतात, तेव्हा रकमा पोर्टलवरच बघा. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो आणि अर्जाची मुदत तीन महिन्यांची असते. ती तुमची केव्हाच उलटली असणार, त्याचा विलंब आकार भरावा लागेल. तुमची बहीणही वारस आहे, तिचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घ्या. नूतनीकरण फॉर्म २५ने होतं, पाच वर्षांसाठी, आणि पर्यावरण कर वेगळा.

व्हिंटेज नोंदणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. २०२१च्या नियमाप्रमाणे गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते, म्हणजे तुमची २०२८पर्यंत त्यात बसतच नाही. बसली तरी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्याच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. रविवारी घरच्यांना घेऊन महाबळेश्वर गाठायचं असेल तर साधी नोंदणीच बरी.

गाडीचं थोडक्यात. जुनं पेट्रोल काढून टाकी उतरवून धुवा. चारही चाकांच्या ब्रेक सिलिंडरची रबरं बदला. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन-तीन दिवस राहू द्या, मग टॉप गिअरमध्ये टाकून हलकेच ढकला. आधीच स्टार्टर मारू नका. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम टिकत नाहीत, दोन्ही नवे टाका.

पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत विचारा. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, त्यामुळे टॅक्सीचा उतरवलेला माल आता कमीच होत जाणार. दिसेल तो कार्बोरेटर घेऊन ठेवा. इंजिनचं हेड घेताना मात्र व्हॉल्व्ह सीट नीट बघा, कारण बऱ्याच टॅक्सी सीएनजीवर चाललेल्या आहेत आणि त्याने सीट लवकर झिजते.

आणि प्रिंट घेताना मऊ पेन्सिल आकड्यांवर आडवी घासून वर पारदर्शक चिकटपट्टी दाबायची, ती उचलून कोऱ्या कागदावर लावायची. दोन-तीन घ्या, एक अर्जाला लागते. पेन्सिल घासण्याआधी पत्रा थिनरने पुसून कोरडा करा, तेलकट असेल तर आकडा उमटत नाही.