रोबोटिक्स टीमच्या मेंटॉरने रोबोला हात लावावा का?

तुमची मुलगी सातवीत आहे, तिची टीम फर्स्ट लेगो लीगमध्ये (लेगोचा रोबो बांधून, त्याचा कोड लिहून खेळायची शाळकरी मुलांची स्पर्धा) उतरतेय, तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर आहात म्हणून शाळेने तुम्हाला मेंटॉर व्हायला सांगितलंय, आणि किती मदत करायची हे तुम्हाला कळत नाहीये. मी काही वर्षं हेच काम करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी शाळेला होकार कळवून टाका. आणि रोबोला हात लावू नका. या स्पर्धेत रोबो, कोड आणि प्रोजेक्ट हे सगळं मुलांनीच करायचं असतं. तुम्ही शिकवा, प्रश्न विचारा, पण त्यांच्या वाटचं काम करू नका. टेबलावरची रन, म्हणजे रोबोने ठरलेली कामं (मिशन) करून दाखवायची फेरी, अडीच मिनिटांची असते आणि तिचं वजन एकूण निकालात फक्त पाव हिस्सा. बाकीचं परीक्षकांसमोर ठरतं. तिथे विचारतात, ही अटॅचमेंट (मिशनसाठी रोबोला जोडलेला भाग) अशीच का केली? आधी काय करून बघितलं होतं? जिने ती अटॅचमेंट स्वतः मोडून पुन्हा पुन्हा बसवलीय, ती पोरगी बोलायची थांबत नाही. जिथे एखाद्या बाबांनी रात्री बसून रोबो पुरा केलाय, ती मुलं एकमेकांची तोंडं बघतात. मला अशा मुलांसाठी फार वाईट वाटतं. त्यांच्यात काही कमी नसतं, त्यांना करूच दिलेलं नसतं.

मग मेंटॉरने करायचं काय? एक प्रसंग सांगतो. आमचा रोबो सरळ जाता जाता उजवीकडे ओढायचा. मुलं कोडमध्ये डाव्या मोटरचा वेग कमी करत बसली होती. आज जुळायचं, पुढच्या वेळी परत बिघडायचं. उजव्या चाकाचा बुश (चाक दांड्यावर जागेवर धरणारी छोटी कडी) फ्रेमला घट्ट टेकलाय हे मला दिसत होतं. मी एवढंच म्हटलं, "रोबो बंद करा आणि दोन्ही चाकं हाताने फिरवून बघा." डावं सहज फिरलं, उजवं घासत होतं. सहावीतल्या एका मुलीने बुश बाहेर ओढून कागद सरकेल इतकी फट ठेवली आणि रोबो सरळ गेला. नंतर भिंतीवरच्या यादीत तिने स्वतःहून लिहिलं, 'रनच्या आधी चाकं फिरवणे'. "तुम्हाला काय वाटतं?" असं मोघम विचारून मुलं गोंधळतात. हाताने चाचपून किंवा मोजून उत्तर सापडेल असा प्रश्न विचारा.

हे सगळ्याच स्पर्धांना लागू नाही, हेही सांगायला हवं. मोठ्या मुलांच्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये रोबो पन्नास किलोच्या आसपास जातो. धातू कापणं, ड्रिलिंग, १२ व्होल्टची जड बॅटरी, हे सगळं आलं. तिथे जाणता माणूस शेजारी हवाच. या दोन्ही स्पर्धांमागची फर्स्ट ही संस्था १९८९ मध्ये अमेरिकन संशोधक डीन केमन यांनी सुरू केली, एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स त्यांच्या साथीला होते. विद्यार्थ्यांनी खऱ्या इंजिनिअरांच्या खांद्याला खांदा लावून काम करावं, ही त्यामागची कल्पना. त्या स्पर्धेत सामन्याच्या वेळी कोच म्हणून मोठा माणूस उभा राहू शकतो, रोबो मात्र विद्यार्थीच चालवतात. फ्लॉवर्स यांच्या नावाने मेंटॉरसाठी पुरस्कार आहे, आणि त्यासाठी शिफारस विद्यार्थीच लिहून पाठवतात. मला ही पद्धत अगदी योग्य वाटते.

तारखा, पैसे, खाऊ, इतर पालकांना आवरणं, हे तुमच्याकडेच येईल. ते करा.

पण एका बाबतीत मात्र गप्प बसू नका. काही दिवसांतच एखादा हुशार मुलगा लॅपटॉप धरून बसतो आणि मुलींच्या वाट्याला पोस्टर रंगवणं येतं. कोणी मुद्दाम करत नाही, पण होतं. "ज्याला जे जमतं ते करू दे" म्हणून सोडलंत, तर सीझन संपेपर्यंत कोड एकालाच कळलेला असतो, आणि ऐन स्पर्धेला तो तापाने झोपला की सगळं अडतं. म्हणून पहिल्याच मीटिंगला पाळ्या लावा. एका मिशनचा कोड जिने लिहिला, तिने पुढच्या मिशनला अटॅचमेंट बांधायची, आणि बांधणाऱ्याने कोडला बसायचं. सुरुवातीला वेग मंदावेल, मुलं कुरकुरतील, "अमुकला पटकन येतं" असं पालकही म्हणतील. तरी पाळी मोडू देऊ नका, तुमच्या मुलीसाठीसुद्धा नाही.