बार्शी लाईट रेल्वेचं आता पाहण्यासारखं काही उरलंय का? त्या मार्गावर चालत जाता येईल का?

तुम्ही लिहिलंय की लहानपणी आजीबरोबर या अडीच फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीने पंढरपूरला गेला होतात, आणि आता ती लाईन जिथं कुठं उरली असेल तिथं एकदा पायी फिरायचं आहे. उरली आहे. पण रूळ शोधत गेलात तर हाती काही लागणार नाही. रूळ, लोखंडी सिलीपाट, खिळे, सगळं केव्हाच उचललं गेलं. शोधायचा तो रुळांखालचा मातीचा भराव आणि त्यातून ओढ्याचं पाणी जायला बांधलेल्या दगडी मोऱ्या.

मी बार्शीचा. माझे आजोबा या लाईनीवर गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे, होते, त्यामुळे हा विषय निघाला की मला थोडक्यात आवरता येत नाही. सांभाळून घ्या.

आधी कुठे जायचं ते सांगतो. तुमच्या आठवणीतला कुर्डुवाडी-पंढरपूर मार्ग आता ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची मोठी लाईन, आहे. तिथं जुनी लाईन नव्या लाईनीखालीच गेली. पुढे मिरजेपर्यंत आणि इकडे लातूरच्या बाजूलाही बहुतेक तसंच झालं. सुटला तो पांगरी ते येडशी हा रामलिंगच्या घाटाचा तुकडा. २००७-०८ मध्ये मोठी लाईन आली ती धाराशिवला वळवून नेली. त्या शहराला इतकी वर्षं रेल्वे नव्हती, त्यांना गाडी मिळाली याचा मला आनंदच आहे. पण त्यामुळे बालाघाटच्या डोंगरातली जुनी वाट आहे तशी मागे राहिली.

ही वाट कोणी बांधली हे माहीत असलं की पाहण्यात जास्त गंमत आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला आला. बार्शी म्हणजे कापसाची, धान्याची मोठी पेठ, आणि मुंबईची मेन लाईन तिथून वीसएक मैलांवर. रुळांमधलं अंतर अडीच फूट ठेवलं तर लाईन स्वस्तात होते आणि तरीही भरपूर माल नेते, हे त्याला सिद्ध करायचं होतं. त्याने एक नियम घातला: इंजिन असो की मालाचा डबा, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. म्हणून एक यार्ड (तीन फूट) लांबीला अवघे तीस पौंड वजनाचा हलका रूळ चालून गेला, आणि इंजिनाला चाकांच्या जोड्या वाढवून द्याव्या लागल्या. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज, अशी ती २०२ मैलांपर्यंत वाढली. लातूरकडे जाताना गाडी इंग्रजी मुलखातून निजामाच्या राज्यात शिरायची. १९५४ साली सरकारने कंपनीकडून ती विकत घेतली.

आता जमिनीवर वाट कशी ओळखायची ते. बैलगाडीची वाट चढ आला की थेट वर चढते, पाऊलवाट तर आणखी आडवीतिडवी. रुळाची वाट तसं करत नाही. ती डोंगराला लांबून वळसा घालते आणि चढ इतका हळू घेते की चालताना पायाला कळतही नाही. मागे वळून पाहिलं की मग लक्षात येतं, आपण बरेच वर आलो. घरून निघण्याआधी उपग्रहाच्या नकाशावर पांगरी आणि येडशीच्या मधे बघा. शेतांचे बांध वेडेवाकडे असतात, त्यांच्यामधून एकच सलग, गोलाईदार रेघ जाताना दिसली तर ती आपली लाईन. भराव अगदी अरुंद आहे. मोठ्या लाईनीच्या सवयीने पाहाल तर शेताचा बांध समजून पुढे निघून जाल.

दुसरी खूण पायाखाली. स्टेशनच्या जागी आणि इंजिन जिथं थांबायचं तिथं माती उकरून बघा. जळक्या कोळशाची खंगरं सापडतात. बोराएवढी, काळी, भोकाभोकांची, हातात घेतली तर दगडाच्या मानाने फारच हलकी. एखाद्या खड्यावर काचेसारखी चकाकी असते. इंजिनाची राख तिथं झाडली जायची, ती कुणी उचलून नेली नाही.

आणि मोऱ्या. मला विचाराल तर या फिरण्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच. भरावावरून खाली ओढ्यात उतरा आणि मोरीच्या तोंडाशी बसा. काळ्या दगडाचे घडीव चिरे, प्रत्येकावर छिन्नीचे तिरके घाव अजून बोटाला लागतात. सांध्यातला चुना काही ठिकाणी पाण्याने धुऊन गेलाय, पण चिरा जागचा हललेला नाही. वरून गाडी जायची बंद झाली, खालून ओढा अजून त्याच मोरीतून जातो. आजोबा पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन अशा मोऱ्यांची तोंडं मोकळी करायला जायचे. काटक्याकुटक्या अडकून पाणी तुंबलं की भराव वाहून जायचा, आणि सकाळची पहिली गाडी त्यावरूनच यायची. मी तिथं गेलो की एखाद्या मोरीच्या तोंडातला पाला काढतो. तुम्हीही काढा.

सोबत गावातला एखादा जाणता माणूस घ्या. पांगरी-येडशी भागात साठीच्या पुढच्या कुणालाही ‘लाईट गाडीची लाईन कुठनं जात होती’ असं विचारलं तर तो काम बाजूला ठेवून दाखवायला येतो. आषाढीला टपावर बसून केलेल्या प्रवासाच्या गोष्टीही ऐकायला मिळतील.

जायचं ते फेब्रुवारीत, रब्बीची ज्वारी काढून झाल्यावर. त्याआधी शेतात पुरुषभर पीक उभं असतं, काही दिसत नाही. पावसाळ्यात रामलिंग हिरवागार असतो, देवळात गर्दीही तेव्हाच, पण भरावावर गुडघाभर गवत आणि गवतात घोणस, फुरसं. हा सगळा परिसर अभयारण्याचा आहे, तेव्हा जंगलात शिरण्याआधी वनखात्याला विचारा. शेतातून जाताना मालकाला विचारा. पडक्या खोल्यांच्या छताखाली उभे राहू नका. आणि एखादा खिळा सापडला तर बघा, फोटो काढा, तिथंच ठेवा. तो रेल्वेचा आहे, आणि तुमच्यानंतर येणाऱ्यालाही तो तिथंच सापडायला हवा.

याच कॅलथ्रॉपने इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये अडीच फुटांचीच लीक अँड मॅनिफोल्ड लाईन उभी केली. १९०४ ला सुरू झाली, १९३४ ला बंद पडली. तीनच वर्षांत तिथल्या कौंटी कौन्सिलने त्या जागी पायवाट करून लोकांना खुली केली, आणि आजही लोक तिथं चालतात, सायकली चालवतात. रामलिंगच्या घाटात हे व्हावं असं मला मनापासून वाटतं. भराव तयार आहे, मोऱ्या भक्कम आहेत, झाडी आहे, खाली दरीत जटायूच्या कथेचं देऊळ आहे. दिशा दाखवणारे चार फलक आणि काटेरी बाभळींची छाटणी, एवढ्यावर सुरुवात होईल.

रूळच बघायची फार इच्छा असेल तर वऱ्हाडात मूर्तिजापूरला जा. तिथल्या ‘शकुंतला’ या छोट्या गाडीचा मार्गही अडीच फुटांचाच: एका बाजूला अचलपूर ७६ किलोमीटर, दुसऱ्या बाजूला यवतमाळ ११३. गाड्या बंद आहेत, पण मी गेलो होतो तेव्हा बऱ्याच ठिकाणी रूळ गवतात जागेवरच होते.

येडशीकडून सुरुवात केलीत तर उतार तुमच्या बाजूने राहील. पाणी दोन बाटल्या जास्त घ्या, आणि रामलिंगला माकडं फार आहेत, पिशवीत खाऊ दिसू देऊ नका.