गाडी अडवली गॅरेजवाल्याने, पण खरा घोर इंजिन नंबरचा

प्रश्न : मी फलटण तालुक्यातला शेतकरी. भाजीपाला पुण्याला न्यायला गेल्या वर्षी २०१२ ची बोलेरो पिकअप घेतली, मीच चालवतो. ती काळा धूर मारायची, घाटात गरम व्हायची. मिस्त्रीने व्हॉट्सॲपवर ‘४५ हजारांत पूर्ण इंजिन काम’ असा आवाजी मेसेज पाठवला, मी २० हजार दिले. मग ‘ब्लॉकला तडा आहे’ म्हणून त्याने भंगारातलं दुसरं इंजिन बसवलं आणि ९२ हजारांचं बिल काढलं. चालवून पाहिली तर गाडी अजून गरम होते, रेडिएटरचं पाणीही कमी होतं. पूर्ण पैसे दिल्याशिवाय गाडी सोडत नाही, रोजचे २०० रुपये जागाभाडं मागतो, महिन्याने विकून टाकीन म्हणतो. आरसी जुन्या मालकाच्याच नावावर आहे. दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. रात्री गाडी काढून आणू का?

उत्तर : नाही. ती किल्ली कपाटातच राहू द्या. आपलीच वस्तू आणली तर चोरी कशी, असं तुम्हाला वाटेल. पण चोरीची व्याख्या करताना कायद्याने जी उदाहरणं दिली आहेत, त्यांत दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाचं एक आहे. दुरुस्तीचे पैसे देणं असताना कारागिराने ठेवून घेतलेलं घड्याळ मालकाने परस्पर उचललं, तर ती चोरी ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही ते उदाहरण आहे. आज तुम्ही तक्रारदार आहात. रात्रीत आरोपी होऊ नका.

गाडी अडवण्याचा हक्क त्याला करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्या कायद्याच्या, कलम १७० ने मिळतो. पण तो ठरलेल्या कामाच्या मजुरीपुरता. जागाभाडं आधी ठरलं नव्हतं, तर या हक्काखाली ते मागता येत नाही. गाडी विकण्याचा अधिकार तर त्याला मुळीच नाही. विकली, तर तो फौजदारी विश्वासघात होऊ शकतो, आणि हे त्याला लेखी कळवायला हवं.

वाढीव ४७ हजारांचं उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती तुम्ही लिहिलेली नाही. दुसरं इंजिन बसवण्याआधी त्याने तुम्हाला फोन केला होता का, आणि तुम्ही ‘बरं, बसवा’ म्हणालात का? म्हणाला असाल तर त्या इंजिनाची वाजवी किंमत द्यावी लागेल. विचारलंच नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे.

तुम्ही एका ओळीत उरकलेली भंगारातल्या इंजिनाची गोष्ट मला बिलापेक्षा जास्त काळजीची वाटते. आरसीवर चेसिस नंबरासोबत इंजिन नंबरही असतो, आणि तो आता जुळत नाही. फिटनेसच्या तपासणीत हे निघेल, अपघात झाला तर विमा कंपनी आक्षेप घेईल, आणि ते इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर पोलीस तुमची पिकअप जप्त करतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते. ती न घेता बदललं असेल तर मालकाने १४ दिवसांत कळवायचं असतं. म्हणून मिस्त्रीकडून इंजिन खरेदीची पावती आणि ते ज्या गाडीतलं आहे तिचे कागद मागा. ते मिळत नसतील तर हे इंजिन फुकट दिलं तरी घेऊ नका. काढायला लावा, त्यात आणखी आठवडा मोडला तरी चालेल.

इथेच आरसी आड येते. व्यवहाराने गाडी तुमची असली तरी आरटीओच्या लेखी मालक जुनाच आहे. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या आजच घ्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं, ती मुदत उलटली आहे, दंड भरा. गाडीवर कर्जाचा बोजा दिसत असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तोही उतरवा. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाच्याच माथी मारली आहे. हे जुन्या मालकाला सांगितलंत तर तो टाळाटाळ करणार नाही.

आता नोटीस. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. उरलेले २५ हजार मी हक्क राखून बँकेतून द्यायला तयार आहे, गाडी द्या, इंजिनाचे कागद द्या, जागाभाडं मान्य नाही, असं लिहा. रोख एक रुपयाही देऊ नका.

ऐकलं नाही तर सातारच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. गाडी धंद्याची म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असा मुद्दा समोरून येईल. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी ‘धंद्याची’ धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात स्वतः चालवायच्या रिक्षाचं उदाहरण देऊन हेच सांगितलं आहे. तक्रारीत ‘मी स्वतः चालवतो’ हे वाक्य ठळक हवं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. सोबत ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम अर्ज करा : वादातली रक्कम आयोगात भरतो, गाडी आधी सोडा. हंगामात गाडी उभी राहिली तर तुमचं नुकसान बिलापेक्षा मोठं होईल, तेही अर्जात मांडा.

आवाजी मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. तो पुरावा द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागेल. गाडी ताब्यात आली की दुसऱ्या जाणत्या मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन आणि पाण्याची गळती तपासून सही-तारखेसह लेखी घ्या. तोवर ती पुण्याच्या फेरीला काढू नका, नाहीतर बिघाड तुम्हीच केला म्हणतील.

आणि तुमचं जुनं इंजिन कुठे आहे? ते तुमच्याच मालकीचं आहे, मिस्त्रीने सांभाळून परत करायचं आहे. उद्या सकाळीच दोन माणसं सोबत घेऊन जा, त्या जुन्या इंजिनाच्या नंबराचे आणि तड्याचे फोटो काढा. तडा दिसला नाही, तर इंजिन बदलायचं कारणच उरत नाही. ते भंगारवाल्याकडे गेलं असेल, तर कधी आणि कितीला दिलं, हे विचारून नोटिशीत लिहा.