कुठल्या कंपनीचा टायर घेऊ, हे शेवटी विचारा

दसरा झाला की या सदराकडं ट्रॅक्टरवाल्यांची पत्रं वाढतात, कारण साखर कारखान्यांची धुराडी पेटायला आलेली असतात आणि ट्रॉल्या अजून गोठ्यामागं गवतात उभ्या. यावेळी सगळे टायरचेच प्रश्न घेतलेत. एक मोठा आहे, त्याला जागा पण तशीच गेलीय.

प्रश्न : दादा, ५० एचपीचा ट्रॅक्टर आणि दोन चारचाकी ट्रॉल्या, कारखान्याला ऊस ओढतो. गेल्या हंगामात पाच टायर गेले, त्यातले चार मागच्या ट्रॉलीचे. दोन तर डांबरीवर चालता चालता फुटले. यंदा चांगल्या कंपनीचे घ्यायचे म्हणतोय. कुठली घेऊ? (एक वाचक, शिरोळ तालुका)

कंपनी शेवटी बघू, आधी गेल्या हंगामातल्या कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या काढा. फेकल्या नसतील तर त्यात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. समजा एका ट्रॉलीत १० टन ऊस बसतोय आणि ट्रॉली स्वतः अडीच टनाची, म्हणजे साडेबारा टन, चार चाकं, एका चाकावर झाले ३१२५ किलो. आता टायरच्या बाजूला बघा, साइजच्या पुढं बारीक आकडे असतात, उदाहरणार्थ १४६/१४३. तो लोड इंडेक्स. १४६ म्हणजे ३००० किलो, एका बाजूला एकच टायर असेल तेव्हा. १४३ म्हणजे २७२५ किलो, जोडटायर असेल तेव्हा प्रत्येकी. म्हणजे हा टायर तुमच्या ट्रॉलीला सपाट रस्त्यावर, सगळा भार सारखा वाटला गेला तरी कमी पडतोय. आणि पाणंदीत भार सारखा राहतो कुठं? एक चाक चाकोरीत, दुसरं बांधाच्या उंचवट्यावर, सगळी ट्रॉली एका अंगावर कलते आणि खालच्या चाकावर किती येतं ते त्या चाकालाच माहीत. बरेच जण फक्त "१६ प्लायचा द्या" म्हणून दुकानात जातात, पण प्लाय म्हणजे ताकदीचा दर्जा झाला, किती किलो ते लोड इंडेक्सच सांगतो. आणि टायर वाढवला म्हणून ट्रॉली वाढत नाही बरं का, रिम, हब, अ‍ॅक्सल, पाटे (स्प्रिंगा) सगळे जुन्याच मापाचे असतात. आरसी बुकात किती वजन लिहिलंय ते पण एकदा डोळ्याखालनं घाला.

आता मागचीच का? पुढच्या ट्रॉलीचा टायर बसला तर ड्रायव्हरला थोडंफार ओढ लागल्यावर कळतं, मागच्या ट्रॉलीचं त्याला काही कळत नाही, त्यात टेप मोठ्यानं लावलेला. बारीक पंक्चर असलं की हवा हळूहळू जाते, टायर दबून चालतो, बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते नि सरळ होते, त्यानं आतनं तापतो, आणि तापला की रबर आणि दोऱ्याचे थर एकमेकांपासून सुटायला लागतात. फुटतो डांबरीवर, पण मेलेला असतो आधीच्या दोन-तीन खेपांत. जादा वजनानं पण हेच होतं. दुसरं म्हणजे वळणावर मागची ट्रॉली पुढच्यापेक्षा आत येते, त्यामुळं कडेचे दगड, मोरीचे कठडे, फडाच्या तोंडाशी तिरके छाटलेले उसाचे बुडखे हे सगळं तिच्याच टायरच्या बाजूला लागतं.

तेव्हा यंदा एवढं करा, हवेचा गेज स्वतःचा घ्या. टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाजावर हवा ओळखणारे लै आहेत आपल्याकडं, मी पण त्यातलाच होतो, पण १६ प्लायच्या टायरमध्ये हवेचा दाब २०-३० पाउंड कमी असला तरी टॉमीचा आवाज तसाच येतो. हवा थंड टायरला तपासायची, म्हणजे पहाटे निघताना, नाहीतर कारखान्यावर नंबर लागेपर्यंत चार-पाच तास उभं राहावं लागतंच, तेव्हा निघायच्या आधी. किती भरायची ते टायरवर जास्तीत जास्त वजनासाठी लिहिलेलं असतं, ट्रकच्या मापाच्या टायरला तो आकडा बहुतेक शंभराच्या पुढं असतो. चालून तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून सोडू नका, गार झाला की ती कमी पडते आणि परत तोच खेळ. टायर कडांना घासला असेल तर हवा कमी, मधोमध घासला असेल तर हवा जास्त, आणि फक्त आतल्या कडेला घासला असेल तर टायरचा दोष नाही, अ‍ॅक्सल वाकलाय किंवा बेअरिंग ढिलं आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दाखवा, तिथं पत्र्यापासून अ‍ॅक्सलपर्यंत सगळं सरळ करून देणारे बसलेत.

एवढं सगळं झाल्यावर कंपनी. ज्या कंपनीचं दुकान तुमच्या जवळ आहे आणि जिचा दुकानदार टायर खराब निघाल्याचा क्लेम आला तर फोन उचलतो, तिची घ्या.

प्रश्न : मिस्टर नोकरीला पुण्यात, ट्रॅक्टर मीच बघते. ड्रायव्हर म्हणतो ट्रॅक्टरसारखं ट्रॉलीच्या टायरमध्ये पण पाणी भरूया, ट्रॉली उडणार नाही. खरं आहे का? (कागल)

नाही ताई, त्याला नको म्हणून सांगा. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरमध्ये पाणी भरतात ते चाक फिरताना जमीन धरावी म्हणून. वॉल्व्ह वरच्या बाजूला घेऊन त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण पाऊण टायर पाणी, वर हवा. ट्रॉलीचं चाक कशाला ओढत नाही, ते नुसतं गडगडतं, त्यात पाणी भरलं तर तेवढा ऊस कमी न्यायचा आणि डिझेल जादा जाळायचं. उडण्याचं म्हणत असेल तर भरणी कशी होते ते एकदा फडात जाऊन बघा. ट्रॉली दोनचाकी असेल आणि मोळ्या मागं जास्त रचल्या तर पुढचा दांडा वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात. पुढं फार रचल्या तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, त्याला बंपरवर वजनं लावायची. ऊसतोड टोळीला तुम्ही स्वतः सांगितलेलं ऐकतील, ड्रायव्हरचं ऐकत नाहीत असा माझा अनुभव.

प्रश्न : रिमोल्ड टायर घ्यावेत का? निम्म्या पैशात मिळतायत. (पन्हाळा)

घ्या की, पण आतनं बघून. रबर नवं चढवतात, सांगाडा जुनाच असतो. मी एकदा हायवेच्या कडंच्या एका दुकानातनं जोडी आणलेली, वरनं फुलं काढल्यासारखी नवी नक्षी, बाजूला काळा पेंट मारून चकाचक. तिसऱ्या आठवड्यात एकाच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला. दुकानदार म्हणाला तुम्ही दगडावर घातला असेल. पेंट खरवडून तारीख बघितली तर टायर माझ्या ट्रॉलीपेक्षा म्हातारा! बाजूला चार आकड्यांची तारीख असते, ३५२२ असेल तर २०२२ सालचा ३५वा आठवडा. ती पेंटखाली झाकलेली असेल तर दुकानातच खरवडायला सांगा, नाही म्हणाला तर उठून या. मग टायर उजेडात धरून आत हात फिरवा, दोरा उघडा पडलाय का, मोठं ठिगळ आहे का, कुठं फुगवटा लागतो का. एका अ‍ॅक्सलवर एक नवा उंच आणि एक घासलेला बुटका असं घालू नका, उंचावर सगळा भार येतो. आणि ट्यूब, फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) त्याच मापाचे नवे घ्या, तिथं पैसे वाचवून काही मिळत नाही.

प्रश्न : रेडियल की नायलॉन? (हातकणंगले)

रेडियलमध्ये आतले दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ असतात, नायलॉनमध्ये तिरके. जास्त धाव डांबरीवर असेल तर रेडियल, कमी तापतो आणि हलका ओढतो. पाणंद, दगड, बुडखे जास्त असतील तर नायलॉन, त्याची बाजू जाड असते. एका अ‍ॅक्सलवर दोन्ही मिसळू नका.

प्रश्न : हंगाम संपल्यावर ट्रॉली सहा महिने उभी असते, टायरना चिरा पडल्यात. (करवीर)

ऊन आणि वजन. पावसाळ्याआधी ट्रॉली ओंडक्यांवर चढवून चाकं अधांतरी करा, पत्र्याच्या सावलीत, आणि डिझेल-ऑईल सांडतंय तिथं नको. वेल्डिंगच्या शेडमध्ये पण नको, तिथं ठिणगीनं ओझोन तयार होतो आणि रबराला चिरा पाडतो, हे माझ्या पण उशिरा लक्षात आलं. चढवायला जमत नसेल तर हवा पूर्ण ठेवा आणि महिन्यातनं एकदा ट्रॉली अर्धा फेरा ढकला. बारीक चिरा असतील तर चालून जाईल, चिरेत दोरा दिसला तर तो टायर बाद. ऑक्टोबरात खाली उतरवताना बेअरिंगचं ग्रीस बदला, आणि चाकं काढून बसवली असतील तर पहिल्या ५० किलोमीटरनंतर नट परत आवळा. पहिल्या खेपेच्या गडबडीत हे हमखास राहतं, म्हणून पाना ड्रायव्हरच्या सीटवरच ठेवा, खाली पेटीत नको.